आधी हात, मग पाय

धर्माशेठच्या बुटातून कपाटाची किल्ली पडली, तेव्हा दुकानात होतो ते आम्ही सगळे हसलो. त्यांची बायको तर पदर तोंडाला लावून हसली, कारण त्या किल्लीपायी सकाळपासून तिने अख्खं घर खालीवर केलं होतं. हसू ओसरायच्या आत माझी नजर खाली, त्यांच्या मोज्याकडे गेली. काय दिसलं ते सांगतेच. पण आधी मी कोण ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई परक्या पुरुषाच्या पायाशी काय करत बसली होती?

खोपोलीत आमचं बूट-चपलांचं दुकान आहे, फक्त पुरुषांचं. सासऱ्यांनी काढलं. नवरा कारखान्यात पाळीवर, त्याला गल्ल्यावर बसायची हौस नाही. सासऱ्यांचे गुडघे धरले आणि खाली बसून मापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बाई पायाला हात लावते म्हटल्यावर सुरुवातीला गिऱ्हाइकं पाय मागे ओढायची. म्हाताऱ्या माणसांची तर आणखीनच गंमत. मी वाकले की त्यांच्या तोंडून सवयीने "अखंड सौभाग्यवती भव" निघून जायचं. नवरा म्हणायचा, तू दुकानात बसतेस म्हणून मी अजून जिवंत आहे.

सासऱ्यांनी मला धंद्यातला एकच नियम शिकवला. आधी हात, मग पाय. गिऱ्हाइकाच्या पायात बूट सरकवण्याआधी आपला हात आत घालायचा. बोटं पार टोकापर्यंत न्यायची, शिवणीवरून फिरवायची, तळ चाचपायचा. कधी खिळ्याचं टोक वर आलेलं असतं, कधी अस्तर गोळा झालेलं असतं, कधी कारखान्यातून येतानाचा कागदाचा बोळा तसाच राहिलेला असतो. एक गृहस्थ भलत्याच दुकानातून घेतलेले बूट माझ्याकडे घेऊन आले, म्हणाले आखूड पडतात, बदलून मिळतील का. मी हात घातला आणि दोन्ही बुटांतून बोळे काढून त्यांच्या हातावर ठेवले. महिनाभर ते त्या बोळ्यांसकट ऑफिसला जात होते! मी थक्क झाले. त्यांचं म्हणणं, "मला वाटलं नवीन आहेत म्हणून."

हे 'नवीन आहेत म्हणून' मी आयुष्यभर ऐकत आले. पुरुष बूट बघून घेतो, घालून घेत नाही. सकाळी दुकान उघडताच येतो, तेव्हा पाय रात्रभर आराम करून बारीक झालेला असतो. संध्याकाळी तोच पाय सुजून बुटात मावत नाही. म्हणून मी म्हणते, बूट घ्यायला संध्याकाळी या आणि जे मोजे रोज घालता तेच घालून या. बसून माप देतो, उभं राहा म्हटलं की कंटाळतो. एकच पाय पुढे करतो, जणू दुसरा शेजाऱ्याचा आहे. दोन पाय कधी सारखे नसतात, मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्यायचा. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे आपल्या हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहायला हवी, चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जायला नको आणि चालताना टाच उचलली जायला नको. एवढंच शास्त्र आहे. पण "माझा नंबर आठ" हे माणूस गोत्र सांगावं तसं सांगतो. अहो, शाळेत असताना आठ असेल! वयाबरोबर पाऊल पसरतं. आणि 'वापरून सैल होतील' हे खोटं आहे. कातडं रुंदीला जरासं सैलावतं, लांबीला कधीच नाही.

आमच्या भागात त्यात आणखी एक भानगड. खालापूर-कर्जतकडची जुनी माणसं भातखाचरात अनवाणी वाढलेली. त्यांची बोटं सुटी सुटी, चवडा सुपासारखा पसरलेला. जमिनी गेल्या, गोदामं आली, पोरं कंपन्यांत लागली, आणि असल्या मोकळ्या पायांना निमुळत्या डब्यांत बसवायची वेळ आली. माणूस मुकाट्याने बसवतो. बूट चावतो म्हणणं त्याला कमीपणाचं वाटतं.

यातून काय काय पाहिलं म्हणता! मुंबईचा एक तरुण कोरे करकरीत बूट घालून कोंडाण्याची लेणी बघून आला. उतरताना बोटं पुढे आदळत राहिली, पण हा फोटो काढण्यात दंग. परत जाताना माझ्याकडे स्लीपर मागायला आला. मोजा काढला तर अंगठ्याचं नख मोज्यातच राहिलं. तो ओरडला आणि त्याच्याहून मोठ्याने मी ओरडले. दुसरे दोघे सख्खे भाऊ, एकाच कंपनीत, वेगवेगळ्या पाळ्यांत. बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट असल्याशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत, म्हणून दोघांत एकच जोड घेतलेला. एकाच्या पायातून निघायचा तो ओलाच दुसऱ्याच्या पायात जायचा. तो बूट बिचारा कधी वाळलाच नाही. दोघांच्या बोटांच्या बेचक्या पाहून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. बूट एक दिवसाआड घालावा, मधला दिवस त्याला हवा द्यावी, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला ओरडून सांगते.

पण धर्माशेठचं वेगळं होतं. त्यांच्या पायाने कधी तक्रारच केली नाही.

धर्माशेठ खालापूर फाट्याच्या आतल्या गावातले. भातशेती, थोडी जागा गोदामाला भाड्याने दिलेली, आवाज खणखणीत. शुगर होती, पण ती ते मिरवायचे. "गोली चालू हाय, टेन्शन नाय." आमचं जुनं गिऱ्हाईक. पावसाळा संपता संपता ते एका रविवारी चप्पल घ्यायला आले ते हसतच.

"वयनी, गेली बगा पीडा! काल मारुतीला जाऊन घरी आलो, बगतो तं पायात चप्पल नाय!"

शनिवारी आमच्याकडे कुणी नवी चप्पल घेत नाही, पण शनिवारी देवळात चप्पल गेली तर माणूस खूश होतो. पनवती गेली म्हणतात. कुणी कुणी तर जुनी चप्पल मुद्दाम देवळाबाहेर सोडून अनवाणी घरी येतात. मग रविवारी आमची विक्री बरी होते, म्हणून आम्हीही त्या समजुतीला नावं ठेवत नाही. मी अभिनंदन केलं आणि नवी चप्पल दिली.

थोड्याच दिवसांत ते पुन्हा आले. नवी चप्पलही गेली होती, या वेळी बाजारात. त्यानंतर पुन्हा आले, तेव्हा एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी.

"बांधावरनं घरी आलो तं एकच पायात! दुसरी कुटं गेली, काय पत्ताच नाय."

त्यांच्याबरोबर आलेला शेजारी म्हणाला, "म्हंजे अर्धी साडेसाती गेली, शेठ. अर्धी हाय अजून." दुकान हसून लोटपोट. धर्माशेठनी समोरून पेढे आणवले आणि सगळ्यांना वाटले. मीही खाल्ला.

मग त्यांनी फर्मान काढलं, आता चप्पल नको, बूट द्या, आणि घट्ट द्या. मी माप घेतलं. नऊ नंबर, तोही रुंद हवा. ते आठ नंबर घालायला तयार, पण नऊ नको.

"सैल लागतंय वयनी. पाय धरून ठेवनारा पायजे."

"अहो शेठ, करंगळी बघा कशी दाबली जातेय."

"मला लागत नाय, तुमाला कशाला लागतंय?"

गिऱ्हाईक 'लागत नाही' म्हणालं की आमच्या धंद्यात वाद संपतो. पाय त्याचा, त्याला कळणार. तरी मी हट्टाने आठ दिला नाही. तर हे गृहस्थ पुढच्या दुकानातून आठ नंबरचे निमुळते बूट घेऊन आले आणि माझ्यासमोर फेऱ्या मारून दाखवल्या. माझं डोकं असं फिरलं! म्हटलं, घाला तुम्ही, पाय चेपून घ्या.

दिवाळीनंतर ते बायकोला, यमुनाताईंना, घेऊन आले. मुलाचं लग्न जमलं होतं. साखरपुड्याला वरबापाला शोभेल असा जोड पाहिजे होता. पायात तेच आठ नंबरचे बूट. उजवा मी ओढला तो झटक्यासरशी निघाला आणि किल्ली फरशीवर खणकन पडली.

"अगो बाय! ही बग किल्ली!" यमुनाताई ओरडल्या. "त्या पोरीनं टाकली असंल. जे दिसंल ते उचलून बुटात घालते." पोरगी म्हणजे त्यांच्या लेकीची लहान मुलगी.

आम्ही हसलो ते तेव्हा. धर्माशेठ सगळ्यांत मोठ्याने हसले. म्हणाले, "तरी म्हनलं, आज बूट जरा बरा बसलाय."

मोजा ओला होता. घामाने नव्हे. मी तो हळूहळू सोलला. चवड्याखाली किल्ली उमटली होती, तिच्या दात्यांसकट, आणि दाते रुतले होते तिथून रक्त येत होतं. पण ते परवडलं. करंगळी काळी पडली होती. बुटाच्या शिवणीने तिची बाहेरची बाजू खाऊन टाकली होती आणि आतून वास येत होता. ही जखम आजची नव्हती, कित्येक दिवसांची होती. 

"शेठ, हे कधी झालं?"

"काय?" ते वाकले, पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "ह्ये कदी झाला गं?"

"मी काय तुमचे पाय बगत बसते का?" यमुनाताई म्हणाल्या, पण आवाज चिरका झाला होता.

मी त्यांचा अंगठा चिमटीत धरला आणि दाबला. चांगला जोरात. धर्माशेठ वर शेल्फाकडे बघत होते. "वयनी, पट्टी आना ना. माप कदी घेनार?"

 मी त्यांचा पाय धरून बसले होते आणि त्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना विचारत आले, 'कुठे लागतंय?' त्यांच्या उत्तरावर बूट विकत आले. पायच मुका झालेला असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी म्हटलं, आज बूट नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. धर्माशेठ भडकले. "बूट घ्यायला आलो, डाक्टरकडं कशाला? दुकान चालवायचं हाय का नाय? जरा खरचटलंय. हलद लावली का झाला!" शुभकार्याच्या खरेदीत मी अपशकुन करते असंही म्हणाले. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. आमचं चांगलंच जुंपलं.

तेवढ्यात यमुनाताई खाली फरशीवर बसल्या. त्यांनी नवऱ्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्याच्या बेचक्यात आपलं नख रोवलं. मी पाहत होते. नखाभोवती कातडी पांढरी पडली. त्यांनी आणखी जोर लावला. वर धर्माशेठ माझ्याशी भांडतच होते, हातवारे करत होते, आवाजात जराही फरक नाही.

यमुनाताईंनी नख काढलं. तिथे लाल खळी पडली होती. त्या रडायला लागल्या तेव्हा कुठे धर्माशेठनी खाली पाहिलं.

"काय झालं गं?"

"उटा," त्या म्हणाल्या. "आधी उटा."

करंगळी काढावी लागली. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. साखरपुड्याला वरबाप दवाखान्यात. शुगर म्हणजे गोड कमी खायचं आणि गोळी घ्यायची, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती आतल्या आत पायांच्या नसा बधिर करते, हे मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. असा पाय दुखत नाही, उलट त्याला सगळंच सैल वाटतं. म्हणून माणूस आणखी घट्ट बूट मागतो आणि त्या घट्ट बुटातच जखम होते.

आणि मग डॉक्टर सहज म्हणाले, "असल्या माणसांची चालता चालता चप्पल निसटते आणि त्यांना कळतसुद्धा नाही."

 देवळातली चप्पल, बाजारातली चप्पल, बांधावरची ती एक चप्पल! कुणी नेल्या नव्हत्या. त्या धर्माशेठच्या पायातून गळून पडल्या होत्या. पाय जमेल तसं ओरडून सांगत होता आणि आम्ही साडेसाती गेली म्हणून पेढे खात होतो. तो पेढा अजून माझ्या घशात आहे.

तेव्हापासून पन्नाशी उलटलेला कुणीही आला की मी त्याला डोळे मिटायला लावते, एकेका बोटाला हात लावते आणि विचारते, कुठलं? लोक हसतात. वहिनी जादूचे प्रयोग करते म्हणतात. पण कधी कधी मी अंगठा धरलेला असतो आणि समोरचा माणूस डोळे मिटून म्हणतो, "लावा की हात." मग मी बूट बाजूला ठेवते आणि त्याला आधी डॉक्टरकडे धाडते. इतके लोक असे फिरतात, हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

लग्न वैशाखात होतं. पायाची जखम भरून आल्यावर डॉक्टरांनी धर्माशेठना बूट घालायची परवानगी दिली आणि ते यमुनाताईंबरोबर पुन्हा माझ्यासमोर बसले. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, तरी तोरा होताच. त्यांना जरीची टोकदार मोजडी हवी होती. मी पुढे ठेवले ते काळे बूट. चवड्याला रुंद, वरून उंच, आत मऊ आणि शिवण नसलेले, बांधायला पट्टी.

"वरबाप मी, आन पायात ह्या पावाच्या लाद्या?"

"मोजडीत पाय घालायचा असेल तर दुसऱ्या दुकानात जा. रस्ता तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी पाय पुढे केला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. मोजे उलटे करून घाला म्हणजे त्यांची शिवण बाहेर राहील, अनवाणी घरातसुद्धा चालू नका, रोज रात्री तळपाय बघा, असं सगळं सांगून झालं. मग मी यमुनाताईंकडे वळले. "आणि बूट घालण्याआधी दर वेळी आत हात घालून बघायचं. टोकापर्यंत. त्यांच्या पायाला कळणार नाही, हाताला कळेल."

"बुटात हात?" त्यांनी हात मागे घेतला. "ह्या हातानं देवाला हलद-कुकू लावते मी."

"मीही याच हाताने दुकानात दिवा लावते," मी म्हटलं.

त्यांनी आधी पदर खोचला. मग चार बोटं, जेमतेम अर्धी, बुटात घातली आणि पटकन काढली. मला काही भरवसा वाटला नाही.

लग्न खालापूरजवळच्या एका हॉलमध्ये झालं. मला मानाचं आमंत्रण होतं. धर्माशेठ फेटा बांधून, पायात ते काळे बूट घालून आलेले पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्यांनी चपला-बूट स्टेजच्या कडेला काढून ठेवले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, बायकांची ही गर्दी उसळली. पुढे व्याह्यांबरोबर पंगतीला जायचं होतं. एका पुतण्याने धर्माशेठचे बूट आणून पुढे ठेवले, त्यांनी उजवा पाय उचलला.

"थांबा!"

गर्दीतून यमुनाताई आल्या. अंगावर नऊवारी शालू, नाकात नथ, हातभर हिरवा चुडा. वरमाय सगळ्यांदेखत नवऱ्याच्या पायाशी खाली बसली. विहीणबाई चरकून शेजारणीला म्हणाल्या, "अगं बाई, या बुटाला कशाला हात लावतात?" दोन-चार माणसं हसली. धर्माशेठ दबक्या आवाजात म्हणाले, "ऊठ गं, लोकं बगतात."

त्यांनी ऐकलं नाही. डावा बूट उचलला, हात पार मनगटापर्यंत आत घातला, फिरवला. तांदळाचे दाणे निघाले, ते झटकले. मग उजवा घेतला, बोटं टोकापर्यंत नेली आणि "आई गं!" म्हणून किंचाळल्या.

हात बाहेर आला तेव्हा बोटातून रक्त वाहत होतं आणि चिमटीत हिरव्या बांगडीचा तुकडा होता, सुरीसारखा धारेचा. गर्दीत कुणाची तरी बांगडी वाढली होती. आता कुणी हसत नव्हतं.

यमुनाताईंची किंकाळी ऐकून धर्माशेठनी घाबरून आधी स्वतःचा उजवा पाय हातात धरला. उलटा करून तळवा बघितला, बोटं बघितली, जिथे करंगळी नव्हती तिथेही बघितलं. मग बायकोचा हात बघितला. डोक्यावरचा फेटा सावरत ते तिच्यासमोर फरशीवर बसले, उपरण्याचं टोक तिच्या बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "लई दुखतंय का गं?"

"हां," त्या म्हणाल्या. "लई दुखतंय." आणि डाव्या हाताने बूट पुन्हा आतून चाचपायला लागल्या.